पालथी अक्षरं

आमच्या पंपाच्या खोलीला एक दगडी पायरी होती. माझी बायको त्या पायरीवर कधी पाय ठेवत नसे. मोटर चालू करायची असली की निऱ्या किंचित उचलायची आणि पायरी ओलांडून थेट उंबऱ्याच्या आत पाय टाकायची. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या बायकांना ती तिची लकब वाटे. कारण फक्त तिला आणि मला माहीत होतं, आणि नऊ वर्षांत आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नव्हतो.

मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला स्वभाव म्हणतात. खरं सांगायचं तर त्यात निम्मा स्वभाव आणि निम्मी लपवाछपवी आहे. आता पन्नाशी उलटून चार वर्षं झाली. ज्यांचे उपकार माझ्यावर झाले ती माणसं सुदैवानं अजून आहेत. ती असतानाच हे लिहून टाकावं असं वाटतं.

मी सोलापूरचा. रेल्वेच्या नोकरीत चेन्नईला आलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. इंजिनियरिंग कचेरीत ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे रुळांखालून पाणी जायला ज्या मोऱ्या बांधतात त्यांचे नकाशे काढायचे. पाण्याला वाट काढून देणं हेच माझं काम. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते मोऱ्यांचे नकाशे काढणाऱ्या माणसानं केलं, हेच मला सर्वांत जास्त लागतं.

आमची बिल्डिंग एका एरीच्या काठावर आहे. एरी म्हणजे जुना, बांध घालून केलेला तलाव. आता अर्धाअधिक बुजलाय, वर इमारती आल्यात. आमच्या आवाराच्या मागच्या कोपऱ्यात छातीइतक्या उंचीचा एक दगड उभा होता. एका अंगावर अक्षरं कोरलेली, पण तेलाच्या पुटांनी काळीकुट्ट झालेली. एरीचं पाणी शेतांना सोडायला पूर्वी दगडी दरवाजा असे, त्याला इथं मदगु म्हणतात, त्याचा तो एक खांब. हे मला आता कळतं. तेव्हा तो नुसता दगड होता. बायको शुक्रवारी त्याला हळदकुंकू वाहायची. शेजारून एक उथळ चर जायचा, त्यातून आवारातलं पाणी बाहेर पडायचं.

चरातून पाणी बाहेर जायचं तसंच पावसाळ्यात आतही यायचं. सोबत चिखल, खेकडे, एकदा तर पाणसाप. असोसिएशनच्या बैठकीत आरडाओरडा झाला आणि मागून भिंत घालायचं ठरलं. सेक्रेटरी मी होतो, ‘रेल्वेत इंजिनियरिंगला आहेत’ एवढ्याच लायकीवर. दगड भिंतीच्या रेषेत येत होता.

तळमजल्यावर एक निवृत्त तमिळ शिक्षक राहायचे. आम्ही सगळे त्यांना सार, म्हणजे सर, म्हणायचो. गुडघ्यांमुळे ते कधी जिना चढत नसत. त्या संध्याकाळी ते दोन मजले चढून माझ्या दारात आले, कठड्याला धरून धापा टाकत. म्हणाले, अक्षरं फार जुनी आहेत, मला नीट लागत नाहीत, पण वाचणारी माणसं आहेत, मी पत्र टाकलंय. एक आठवडा थांबा.

मी ‘बघतो’ म्हणालो. कमी बोलणाऱ्या माणसाचा हा एक फायदा असतो, ‘बघतो’ म्हटलं की समोरच्याला ते हो वाटतं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि म्हणाला, आज आहे, उद्यापासून दुसरीकडे. मी थांबलो नाही. दगड उपटला तेव्हा कळलं की तो वर दिसत होता तेवढाच नव्हता, आणखी दीड-दोन फूट खाली गेला होता, गाळात रुतलेला. आणि खालच्या भागावरही अक्षरं होती. तिथं तेल पोचलं नव्हतं, ऊन पोचलं नव्हतं. काल कोरल्यासारखी स्वच्छ. गवंड्यानं हातानं माती पुसली, आम्ही दोघं क्षणभर बघत राहिलो. त्याला ती लिपी येत नव्हती, मला तर साधी तमिळसुद्धा पाट्यांपुरतीच येते. मग त्यानं विचारलं, याचं काय करू. पंपाच्या खोलीला पायरी हवीच होती. दगड लांब होत होता, म्हणून खालचा दीडएक फूट कापला. तो तुकडा फोडून खोलीच्या पायात भरला.

पायरी बसवताना मीच त्याला म्हणालो की अक्षरं खाली कर. अक्षर म्हणजे सरस्वती, वहीला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, मग लिहिलेल्यावर बायामाणसांनी रोज पाय कसा द्यायचा? गवंड्यालाही पटलं. अंथरलेल्या वाळूवर दगड पालथा घातला. मला अगदी बरं वाटलं. मनात म्हटलं, आपण किती जपून केलं.

बायको वरून, गॅलरीतून बघत होती. रात्रीच्या जेवणाला तिनं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून ती पायरी ओलांडू लागली.

त्याच वर्षी डिसेंबरात पूर आला. साऱ्या वेलचेरीत आला, भिंत असती-नसती तरी आलाच असता, असं सगळे म्हणतात, आणि ते खरं असेल. पण आजूबाजूच्या गल्ल्यांतलं पाणी ओसरल्यावरही आमच्या आवारातलं पाणी चार दिवस तसंच उभं होतं. त्याची जायची वाट मी बुजवली होती. भिंतीला मोरी ठेवायला मी विसरलो होतो. मी. सारांच्या घरात कमरेइतकं पाणी. त्यांची पुस्तकं आम्ही नंतर टोपल्यांनी बाहेर काढली, ओल्या पावासारखी झालेली. सार खुर्चीवर बसून प्रत्येक टोपलीकडे बघत होते. मला एवढंच म्हणाले की तुम्ही भिजलात, कपडे बदलून या. महिन्याभरात त्यांचा मुलगा त्यांना अण्णा नगरला घेऊन गेला.

पुढची सहा वर्षं मी काही केलं नाही, हेही लिहायला हवं. सेक्रेटरीपद सोडलं, इतकंच.

मैलापूरला एक बाई राहतात. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. दर रविवारी पाच-सहा जणांना घेऊन त्या आसपासच्या गावांत जातात आणि देवळांच्या भिंतींवरचे, बांधांवरचे, शेतात पडलेले कोरीव लेख टिपून आणतात. बायकोला त्या एका हळदीकुंकवाला भेटल्या. नकाशे काढणारा कुणी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. बायकोनं घरी येऊन तेवढाच निरोप दिला आणि वर म्हणाली, “जाऊन तर बघा. दगडांशी तुमची ओळख आहेच.”

मी गेलो. इतिहासाच्या प्रेमानं गेलो असं सांगितलं तर खोटं होईल. चोर जसा चौकीवरून मुद्दाम चक्कर मारतो, आपली काही चर्चा आहे का बघायला, तसा गेलो.

आणि तिथं मला काम आवडलं. याला मी काय करू? कचेरीत सगळं कॉम्प्युटरवर गेल्यापासून माझ्या हाताला कुणी विचारत नव्हतं. इथं बाई म्हणायच्या, मोजपट्टी धरा, प्रत्येक दगड कुठं बसलाय ते काढा. ठसा घ्यायलाही त्यांनीच शिकवलं. आधी दगड पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा, तारेचा ब्रश चुकूनही नाही. मग जाड कागद भिजवून त्यावर बसवायचा आणि दाट केसांच्या ब्रशनं ठोकत राहायचं, कागद खाचेखाचेत उतरेपर्यंत. तो अर्धवट वाळला की काजळीच्या शाईची गादी हलक्या हातानं टिपत जायची. शाई सपाट भागाला लागते, खाचेत उतरलेला कागद पांढरा राहतो, आणि बघता बघता काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. पहिल्यांदा ते माझ्या हातून झालं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच उकिडवा बसून होतो. बाई म्हणाल्या, कागद सुकलाय, आता तुम्हीही उठा.

त्यांची मराठी जुनी आणि तमिळ हेलाची. मधूनमधून ‘सरी’ म्हणायच्या, म्हणजे बरं. माझी मराठी कालपरवाची, त्यांची खरी, असं त्या मला चिडवायच्या आणि मी ते मान्य करायचो. तीन वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. बायको डबा द्यायची, बाई त्यातली शेंगदाण्याची चटणी आधी काढून घ्यायच्या. आयुष्यात इतके चांगले रविवार मला आधी कधी मिळाले नव्हते.

फक्त एक गोष्ट होती. गटात नवं कुणी आलं की बाई न चुकता विचारायच्या, वेलचेरीकडचे कुणी आहात का? आणि मग सांगायच्या. काही वर्षांपूर्वी तिथून एका शिक्षकांचं पत्र आलं होतं, एरीच्या काठावर मदगुचा लेख आहे म्हणून. आठवड्यानं त्या गेल्या तर तिथं नवी भिंत आणि दगड नाही. पत्र त्यांनी पिशवीत जपून ठेवलं होतं. एरीच्या दरवाजाचे लेख आता फार थोडे उरलेत, म्हणायच्या, आणि वेलचेरी शब्द काढला की माझ्याकडे बघून हसायच्या, “आपले ड्रॉइंगवाले तिथलेच. पण ते काय, ऑफिस आणि घर. यांना काय ठाऊक असणार.”

मी डबा खात राहायचो.

गेल्या जानेवारीत बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या सेक्रेटरीचा मेसेज आला की पंपाची खोली पाडून जमिनीखाली मोठी टाकी करायची आहे, सोमवारपासून तोडकाम. तो शनिवार होता. मी मेसेज बायकोला दाखवला. तिनं वाचून फोन परत दिला.

“उद्या रविवार आहे,” ती म्हणाली. “उद्या बोला. नाहीतर सोमवारी मी बोलीन, आणि तिथं तुम्ही असाल.”

नऊ वर्षांत एवढंच. तिनं तेव्हाच भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळदा मनात म्हणत असे. पण तिनं माझी वाट बघितली, हे त्या रात्री कळलं.

रविवारी आम्ही चेंगलपट्टूच्या अलीकडे एका गावात होतो. ठसा वाळत लावला होता, बाकीचे चहाला गेले होते. बाई चटईवर बसून पिशवीत चष्मा शोधत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वेलचेरीचा दगड मी काढला. पायरी केली. खालचा भाग कापून फोडला. आठवडा थांबा म्हणाले होते, थांबलो नाही.

बाईंनी चष्मा शोधणं थांबवलं. वर बघितलं नाही.

“अक्षरं वर आहेत की खाली?”

“खाली.”

“सिमेंटात की वाळूत?”

“वाळूत. पाय लागू नये म्हणून पालथी घातली.”

“पाय लागू नये म्हणून,” त्या म्हणाल्या. मग चष्मा सापडला, तो लावून त्यांनी मला नीट पाहिलं. “तीन वर्षं माझ्यापुढं बसून तुम्ही डबा खाल्लात. चटणी मला देत होतात ती याचसाठी का हो?”

त्या उठल्या आणि वाळत लावलेला कागद स्वतः उतरवू लागल्या. “सरी. गुंडाळा सगळं. उद्या तोडणार म्हणता ना? आजच जाऊ.”

दुपारी चार वाजता आम्ही सहा जण आमच्या आवारात होतो. नव्या सेक्रेटरीला वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. दगड हवाय म्हटल्यावर तो म्हणाला, न्या की, नाहीतरी उद्या फुटणारच होता. आम्ही पहारी घातल्या. पायरी एकदा हलली, पुन्हा बसली, मग एका कडेनं उठली. तिला कडेवर उभी धरली तेव्हा खालच्या अंगाला वाळू चिकटलेली होती, आणि वाळूच्या खाली अक्षरं. वरच्या अंगावर नऊ वर्षांच्या चपलांनी आणि बादल्यांनी गुळगुळीत खळगा केला होता. पालथी होती म्हणून अक्षरं राहिली. बाई तसं म्हणाल्या तेव्हा मी चटकन मान हलवली नाही. दुसऱ्याच्या घराला आग लावून त्याचा एक पेटारा वाचवावा आणि शाबासकी घ्यावी, तसं झालं असतं ते.

बायको बादली घेऊन खाली आली. मऊ ब्रश तिनंच मागून घेतला. तेलाची जुनी पुटं वाळूनं बरीच ओढून घेतली होती. तिनं धुतलं, आम्ही कागद बसवला, आणि अंधार पडायच्या आत ठसा निघाला. बाईंनी टॉर्च न लावताच वाचायला सुरुवात केली, बोट कागदाला न लावता, हवेत फिरवत. गावातल्या एका माणसानं एरीला हा दरवाजा स्वतः करून दिला. पाणी कुठल्या शेतांना जावं ते सांगितलंय. आणि जास्तीचं पाणी कुठून बाहेर काढावं, ते. तिथं त्या थांबल्या आणि भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं.

पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं होतं. कापलेल्या कडेवर अर्ध्या अक्षरांचे नुसते शेंडे होते.

“खालचा भाग तुम्ही बघितलात,” बाई म्हणाल्या. “तुमच्याशिवाय कुणी नाही. आठवतंय काही?”

मी डोळे मिटले. अक्षरं आठवत नव्हती, वाचताच आली नव्हती तर आठवणार काय? पण नकाशा काढणाऱ्याला जागा आठवतात. पाच ओळी होत्या. शेवटची ओळ तोकडी होती, दोन विती भरेल एवढी, आणि तिच्यापुढे मोकळा दगड. मी ते कागदावर काढून दिलं. बाईंनी ते घडी करून त्या जुन्या पत्रासोबत ठेवलं. मग एक नवा कागद काढून मला म्हणाल्या, आता भिंतीत मोरी कुठं पाडायची ते काढा. तेही मी काढून दिलं. माझ्या आयुष्यातली सर्वांत उशिरा काढलेली मोरी.

पुढच्या रविवारी आम्ही ठसा घेऊन अण्णा नगरला गेलो, बाई, बायको आणि मी. सार आता चौऱ्याऐंशीचे आहेत. एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. मी पाठ करून गेलो होतो, ते सगळं एका दमात बोललो, दगडाचं, आठवड्याचं, भिंतीचं, मोरीचं, पुस्तकांचं. तमिळ अडली तिथं इंग्रजीत. सार ऐकत होते. संपल्यावर म्हणाले की त्यांना हे सगळं माहीत होतं. आवारात राहणाऱ्याला पायरी नवी आली हे कळणार नाही का? फक्त बाईंनी नंतर पत्रानं विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की दगड गेला. कुणी नेला ते लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, का नाही लिहिलं?

“तुमचं नाव लिहिलं असतं,” ते म्हणाले, “तर तुम्ही यांच्याकडे कधी गेला असतात का?”

ते तेव्हाच इतकं पुढचं बघत होते असं मी म्हणणार नाही. बहुधा त्यांनी नुसता सभ्यपणा केला होता. पण त्या सभ्यपणातून माझे ते तीन वर्षांचे रविवार निघाले, आणि दगडही निघाला.

मग त्यांनी ठसा मागितला. आम्ही तो टेबलावर पसरला, त्यांनी एक डोळा मिटून नाक कागदाला लागेल इतकं वाकून ओळ न् ओळ वाचली. तुटलेल्या जागी पोचले तेव्हा बाईंनी माझं चित्र पुढं केलं. पाच ओळी, शेवटची तोकडी. सार आणि बाई एकमेकांकडे बघून हसले. मला आणि बायकोला काही कळेना.

बाईंनी सांगितलं. असे लेख पुष्कळदा एकाच तऱ्हेच्या वाक्यानं संपतात, आणि ते वाक्य साधारण एवढ्याच जागेत मावतं. नक्की तेच होतं असं कुणी सांगू शकणार नाही, तो तुकडा केव्हाच खडी झालाय. पण असतं ते असं, की हे काम जो कुणी पुढं राखील, त्याचे पाय माझ्या डोक्यावर.

मी कागदाकडे बघत बसलो. कुणा अक्षराला पाय लागू नये म्हणून मी दगड पालथा घातला होता, आणि तो माणूस इतकी शतकं आधी पाय आपल्या डोक्यावर घ्यायला तयार बसला होता. कुणाचेही. फक्त राखणाऱ्याचे.

माझ्या तोंडून निघून गेलं की ते पाय माझे नाहीत.

सारांनी डोकं वर केलं आणि एका डोळ्यानं मला बघितलं. शिक्षक होते, अर्धे गुण द्यायची सवय असणार.

“अर्धा दगड वाचलाय ना,” ते म्हणाले. “मग एक पाय तुमचा धरू.”

बायको इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. बाहेर पडताना ती सारांच्या पाया पडली. मीही वाकलो. बरंच खाली वाकलो, आणि उठायची घाई केली नाही.